अडीच वेढ्यांच्या अलीकडे

प्रस्तावना

इटलीतील बोलोन्या शहराच्या विद्वत्सभेने आपल्या लॅटिन निबंधमालेचा सातवा खंड १७९१ साली काढला. लुइजी गॅल्व्हानी यांचा गाजलेला निबंध त्यातच आहे : मेलेल्या बेडकाच्या पायातील नसेला विजेचा धक्का बसला की पाय उसळतो, हे सांगणारा. त्याच खंडात कार्लो मोंडिनी या शरीररचनाशास्त्रज्ञाचाही एक निबंध सापडतो. आठ वर्षांचा एक मुलगा, जन्मापासून बहिरा. त्याच्या पायाला गाडीचा मार बसला, जखम सडली आणि तो दगावला. मोंडिनींनी त्याच्या कानाचे विच्छेदन केले. आतल्या कानात शंखासारखी गुंडाळलेली जी नळी असते, तिचे अडीच वेढे असायला हवेत. इथे दीडच होता, आणि त्याच्या टोकाला पडदे नसलेली नुसती पोकळी होती.

वीज आणि अपुरा कान असे एकाच पुठ्ठ्यात बांधले गेले. त्यांची गाठ पडायला मात्र जवळजवळ दोनशे वर्षे जावी लागली. मध्यंतरी, १८०० साली, आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी आपल्या दोन्ही कानांत धातूच्या सळया घालून त्या स्वतः बनवलेल्या बॅटरीला जोडून पाहिल्या. डोक्याला हादरा बसला आणि एखादा दाट पदार्थ रटरटत असल्यासारखा आवाज आला. प्रयोग धोक्याचा वाटल्याने त्यांनी तो पुन्हा केला नाही. विजेने आवाज ऐकू येतो एवढे त्या दिवशी कळले; कोणाच्या कानात, कुठे आणि किती वीज सोडायची हे कळायला पुढच्या पिढ्या खपल्या. ज्यांच्या आतल्या कानाची घडणच अपुरी राहिली आहे त्यांच्याबाबतीत हा 'कुठे' सर्वांत अवघड, आणि या पुस्तकाचा विषय तोच आहे.

या विषयाच्या दाराशी येणारी माणसे एका वाटेने येत नाहीत. कानाच्या शस्त्रक्रियेचे शिक्षण घेणारा डॉक्टर येतो, कारण नेहमीच्या कानात हात बसल्यावर त्याला पहिल्यांदाच वेगळा कान दिसलेला असतो. ऑडिओलॉजिस्ट येते, कारण एका मुलाच्या यंत्राची जुळवणी, म्हणजे मॅपिंग, काही केल्या जमत नसते. आणि आईवडील येतात, हातात सीटी स्कॅनचा अहवाल घेऊन. त्याआधी घरात बरेच काही होऊन गेलेले असते. पाठीमागे ताट वाजवून पाहिलेले असते. मूल कधी वळलेले असते, कधी नाही, आणि वळले ते आवाजाने की फरशीला बसलेल्या हादऱ्याने हे कोणाला सांगता आलेले नसते. "मुलगेच ते, उशिरा बोलतात", "बापावर गेलाय, तोही तीन वर्षांचा होईपर्यंत मुकाच होता" असे दिलासे ऐकून झालेले असतात. मग एक दिवस बेरा या श्रवणचाचणीचा कागद येतो, त्यामागून स्कॅन येतो, आणि त्यावर इंग्रजीत लिहिलेले असते की कानाची रचना जन्मतःच सदोष आहे. घरी येईपर्यंत त्या वाक्याचा अर्थ 'आता काही होणार नाही' असा झालेला असतो.

म्हणून सुरुवात शब्दांपासून करू. मराठीत अशा वेळी 'विकृती', 'व्यंग', 'दोष' हे शब्द चटकन तोंडी येतात. तिन्ही शब्द निकाल दिल्यासारखे आहेत. त्यांतून पुढचा प्रश्न निघत नाही. 'अपुरी घडण' म्हटले की लगेच विचारावेसे वाटते : कुठपर्यंत झाली? काय बनले, काय राहिले? या शास्त्राची गेल्या चार दशकांतली वाटचाल अशीच आहे. काय नाही याची नोंद करता करता ते काय आहे याचा शोध घेऊ लागले. आणि 'काय आहे'मध्ये सर्वांत मोलाची वस्तू एकच, ऐकण्याची नस. पुढची सगळी प्रकरणे वाचताना वाचकाने एकच प्रश्न हाताशी ठेवावा, असे मी सुचवेन : या कानात नस कुठे आहे, आणि विजेला तिथवर कसे नेता येईल?

त्यासाठी आधी पुरा घडलेला कान डोळ्यांपुढे हवा. शंखासारखी ती नळी म्हणजे कॉक्लिया; ती मटाराच्या दाण्याएवढी असते. शब्दही मूळचा गोगलगायीवरून आलेला. ही नळी उलगडली तर साधारण साडेतीन सेंटिमीटर भरते. तिच्या आत लांबीभर जाणाऱ्या पडद्यांनी तीन कप्पे केलेले असतात आणि त्यांत दोन वेगवेगळ्या क्षारांचे द्रव भरलेले असतात. मधोमध हाडाचा जाळीदार खांब असतो, मोडिओलस. वेढे त्याच्याभोवती फिरतात, जशा मनोऱ्यातल्या पायऱ्या मधल्या खांबाभोवती फिरतात. श्रवणाच्या नसेच्या पेशी याच खांबाच्या आश्रयाने राहतात. आवाजाची लाट द्रवातून गेली की सुमारे साडेतीन हजार आतल्या केसपेशी तिचे विजेच्या इशाऱ्यात रूपांतर करतात, आणि तीसेक हजार तंतू तो इशारा मेंदूकडे नेतात. शंखाच्या तळाशी बारीक, उंच स्वर ऐकले जातात आणि टोकाशी खर्जातले. पेटीचे सूर ओळीने मांडावेत तशी ही मांडणी आहे. तिचा उलगडा करणाऱ्या गेऑर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ चे नोबेल मिळाले.

बहुतेक जन्मजात बहिरेपणात बिघाड केसपेशींचा असतो. नस शाबूत असते. कॉक्लिअर इम्प्लांट याच गोष्टीचा फायदा घेते. कानामागचे यंत्र आवाज टिपून त्याची पट्ट्यांत वाटणी करते, कातडीखालच्या रिसीव्हरकडे पाठवते, आणि तिथून एक बारीक तार शंखात शिरून १२ ते २२ ठिकाणांहून थेट नसेला विजेचे ठोके देते. उंच स्वरांचे ठोके तळाशी, खर्जाचे आत खोलवर. १९५७ साली पॅरिसमध्ये आंद्रे जुर्नो आणि शार्ल एरिएस यांनी ऐकण्याच्या नसेला पहिल्यांदा असे कायमचे बसवलेले उत्तेजन दिले. १९६१ साली लॉस एंजेलिसमध्ये विल्यम हाऊस यांनी शंखात तार घातली. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मेलबर्नला ग्रॅम क्लार्क आणि व्हिएन्नाला इंगेबोर्ग व एर्विन होखमायर यांनी एकाहून अधिक ठिकाणी ठोके देणारी यंत्रे बसवली. एवढा इतिहास पाठ्यपुस्तकांत सापडतो. त्यातली एक गोष्ट मात्र सहसा अधोरेखित होत नाही : ही सारी यंत्रे अडीच वेढ्यांचा शंख, तीन कप्पे आणि मधला खांब गृहीत धरून घडवली गेली. ज्या कानात यातले काही नाही, त्याच्यासाठी ती नव्हती. सुरुवातीच्या काळात तर अपुऱ्या घडणीचा कान दिसला की शस्त्रक्रिया नाकारली जाई. १९८३ मध्ये ब्राझीलच्या पेद्रु मांगाबेइरा-आल्बेर्नाझ यांनी मोंडिनी प्रकारच्या कानात इम्प्लांट केल्याचा निबंध प्रसिद्ध केला. बोलोन्याच्या त्या खंडातले दोन निबंध इथे एकमेकांना भेटले, असे म्हणायला हरकत नाही.

घडण अपुरी का राहते, हे समजायला गर्भाकडे वळावे लागते. चौथ्या आठवड्याच्या सुमारास गर्भाच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना त्वचेचा एकेक जाडसर ठिपका आत खचतो आणि त्याची पिशवी बनते. त्या पिशवीला कोंब फुटतात : एकीकडे तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळ्या, दुसरीकडे शंख. शंख वाढता वाढता वळत जातो आणि आठवा आठवडा संपेतो त्याचे वेढे जवळजवळ पुरे होतात. पुष्कळदा या सुमारास आईला आपण गरोदर आहोत एवढेच नुकते कळलेले असते. 'माझ्या हातून काय चुकले' हा प्रश्न मनात घेऊन बसलेल्या आयांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

१९८७ मध्ये रॉबर्ट जॅकलर, विल्यम लक्सफर्ड आणि विल्यम हाऊस यांनी या आठवड्यांचाच गज करून अपुऱ्या कानांची मापे घेतली. तिसऱ्या आठवड्यात काम थांबले तर आतला कानच नाही. चौथ्यात थांबले तर एकच पोकळी. सहाव्यात थांबले तर खुरटा शंख. सातव्यात थांबले तर पडदे अर्धवट. मांडणी इतकी देखणी होती की ती सर्वत्र रुजली. २००२ मध्ये अंकाराच्या हाजेत्तेपे विद्यापीठातील लेवेंत सेन्नारोग्लू आणि इशिल साअत्जी यांनी तिच्यात महत्त्वाचा फेर केला. 'पडदे अर्धवट' या एका नावाखाली दोन अगदी वेगळे कान आहेत हे त्यांनी दाखवले, आणि पुढे त्यात तिसऱ्याची भर पडली. आज जगभर वापरली जाते ती याच वर्गवारीची सुधारलेली आवृत्ती. स्वतः सेन्नारोग्लू यांनी नंतर असेही सुचवले की सगळेच प्रकार 'काम अमुक आठवड्यात थांबले' या एका कारणाने सुटत नाहीत. काहींत रक्तपुरवठा कमी पडला असावा, काहींत जनुकाने आराखडाच वेगळा दिला असावा. म्हणजे वर्गवारी ही वाट दाखवणारी पाटी आहे. वाटेत काय भेटेल ते तिच्यावर लिहिलेले नसते.

आणखी एक मर्यादा सुरुवातीलाच लक्षात ठेवावी. जन्मजात बहिऱ्या मुलांपैकी सुमारे २० टक्क्यांच्याच कानांत स्कॅनवर दिसेल असा हाडाच्या घडणीचा फरक असतो. उरलेल्या ८० टक्क्यांत बिघाड पातळ पडद्यांत आणि पेशींत असतो, स्कॅन निर्दोष दिसतो. हे पुस्तक त्या २० टक्क्यांविषयी आहे.

आता एकेका प्रकाराशी ओळख करून घेऊ, तोच प्रश्न हातात धरून.

१८६३ मध्ये मिशेल यांनी स्ट्रासबर्गच्या वैद्यकीय पत्रात असा कान नोंदवला की ज्यात आतला भाग मुळी नव्हताच. इथे शंख नाही आणि त्याची नसही नाही. कॉक्लिअर इम्प्लांटची तार ठेवायला जागा नसते, आणि प्रामाणिक डॉक्टरने ते पहिल्याच भेटीत सांगायला हवे.

त्यानंतर 'कॉमन कॅव्हिटी' : शंख आणि तोलाचा भाग वेगळे झालेच नाहीत, एकच गोलसर पोकळी राहिली. मधला खांब नाही, म्हणून नस मधोमध नाही. पण तिचे धागे पोकळीच्या भिंतीत पसरलेले असू शकतात. हे लक्षात आले आणि सगळे तंत्रच उलटे झाले. नेहमीच्या कानात तार मध्यभागाला बिलगावी म्हणून मुद्दाम वळणदार बनवतात. तशी तार इथे घातली तर ती नेमकी रिकाम्या मध्याकडे तोंड करून बसते. इथे हवी असते सरळ तार, जी बाहेरच्या भिंतीला लगटून फिरेल, आणि तिच्यावरचे संपर्कबिंदू एका बाजूला असण्यापेक्षा सगळीकडून अंगठीसारखे असलेले बरे. काही शल्यक अशा वेळी नेहमीचा रस्ता सोडून कानामागच्या हाडातून थेट पोकळीच्या कडेला लहान छिद्र पाडतात. या प्रकाराचा एक जुळा वाटावा असा फसवा भाऊ आहे : शंख अजिबात नाही, पण तोलाचा भाग फुगलेला. स्कॅनवर दोघे सारखे दिसतात. पहिल्याला इम्प्लांटचा उपयोग होऊ शकतो, दुसऱ्याला नाही.

खुरट्या शंखात वेढे कमी आणि नळी अरुंद. तार आखूड आणि बारीक लागते, आणि नसही पुष्कळदा किरकोळ असते.

अर्धवट पडद्यांचा पहिला प्रकार पाहू. बाहेरचे कवच ठीक आहे, पण आत खांबही नाही आणि पडदेही नाहीत. एखाद्या वाड्याच्या चार भिंती उभ्या असाव्यात आणि आतले माजघर-ओसरी काहीच नसावे तसा. या कानात धोका ऐकण्यापुरता राहत नाही. मेंदूभोवतीचे पाणी आतल्या कानात उतरते, रिकिबीच्या हाडाची तळपट्टी पातळ किंवा सच्छिद्र असली तर ते मधल्या कानात झिरपते, आणि त्याच वाटेने जंतू उलटे वर चढतात. एखाद्या बहिऱ्या मुलाला पुन्हा पुन्हा मेनिंजायटिस होत असेल, तर त्याचा कान स्कॅन करून पाहिलाच पाहिजे. इथे इम्प्लांटच्या आधीही ती गळती बंद करणे हे जीव वाचवणारे काम असते.

दुसरा प्रकार म्हणजेच मोंडिनींनी पाहिलेला कान. तळाचा वेढा नीट, खांबाचा खालचा भाग जागेवर, नस त्यात. वरचे दोन वेढे मात्र एकमेकांत मिसळून एकच खोली झालेले. याच्यासोबत बहुधा आतल्या कानातून मेंदूच्या आवरणाकडे जाणारी एक बारीक नळी मोठी झालेली असते. १९७८ मध्ये वाल्वासोरी आणि क्लेमिस यांनी तिची मोजपट्टी ठरवली : मध्यभागी दीड मिलिमीटरहून अधिक रुंद असेल तर ती मोठी. या मुलांची कहाणी वेगळी असते. जन्मतः थोडेफार, कधी चांगलेही ऐकू येते. मग खेळताना डोके आपटते, ताप येतो, आणि एका रात्रीत ऐकणे एक पायरी खाली उतरते. "काल तर हाक मारली की येत होता" असे सांगणाऱ्या पालकांवर विश्वास ठेवावा, ते अगदी खरे सांगत असतात. अशा मुलांना डोक्याला मार बसेल असे खेळ टाळायला सांगतात. यांतल्या काहींत एसएलसी२६ए४ या जनुकात दोष सापडतो आणि मोठेपणी गलगंडही होतो. व्हॉन पेंड्रेड या इंग्रज डॉक्टरांनी १८९६ मध्ये ही जोडी टिपली होती. हा दोष आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो, म्हणून नात्यात लग्ने होणाऱ्या घरांत जनुकीय सल्ल्याला महत्त्व आहे. तो सल्ला पुढच्या बाळासाठी असतो. मामाच्या मुलीशी झालेल्या लग्नाला दूषणे देण्यासाठी नव्हे.

तिसरा प्रकार आईकडून मुलग्यांकडे येतो. त्यामागे बहुतेक वेळा पीओयू३एफ४ हे जनुक असते. पडदे असतात, खांब नसतो, आणि शंख व नसेला मेंदूकडे नेणारा बोगदा यांच्यामधले हाडच गायब असते. रिकीब घट्ट बसलेली असल्याने चाचणीत हा साधा मधल्या कानाचा आजार वाटू शकतो. त्या समजुतीने कोणी रिकिबीवर शस्त्रक्रिया केली तर पाण्याचा फवारा उडतो आणि होते तेही ऐकणे जाते. इम्प्लांट करताना तार शंखात वळण्याऐवजी सरळ बोगद्यात घुसू शकते, म्हणून ती टेबलावरच एक्स-रे घेऊन तपासावी लागते.

शेवटी नसच. शंख सुरेख, पण नस बारीक किंवा नाहीच, असेही कान असतात. अशा मुलांच्या केसपेशी कधी कधी ठणठणीत असतात, त्यामुळे नवजात बाळांची ओएई ही चाळणी चाचणी ती सहज पास होतात आणि बेराच्या वेळी रेघ सपाट येते. सीटी हाड दाखवते, नस दाखवत नाही. तिच्यासाठी एमआरआय हवा, आणि तोही बोगद्याचा आडवा छेद घेणारा. त्या छेदात चार ठिपके दिसायला हवेत : चेहऱ्याची नस, ऐकण्याची नस आणि तोलाच्या दोन. ऐकण्याचा ठिपका दिसला नाही म्हणजे नस नाहीच असेही नाही. एमआरआयला न दिसलेली नस काही मुलांत इम्प्लांटच्या ठोक्याला ओ देते. म्हणून या क्षेत्रात अनुभवी माणसे स्कॅन, चाचण्या आणि मुलाचे प्रत्यक्ष वागणे या तिन्हींना एकत्र बसवल्याशिवाय निर्णय घेत नाहीत.

शस्त्रक्रियेचे तपशील पुढच्या प्रकरणांत आहेत. नवख्या वाचकाने तीन गोष्टी मनात ठेवल्या तरी ती प्रकरणे समजतील. पहिली, चेहऱ्याची नस अशा कानांत ठरलेल्या रस्त्याने जाईलच असे नाही, त्यामुळे तिच्यावर नजर ठेवणारे यंत्र लावल्याशिवाय हात घालू नये. दुसरी, शंख उघडताच मेंदूभोवतीचे पाणी उसळून येऊ शकते. शल्यक त्याला 'गशर' म्हणतात. घाबरून न जाता त्याचा जोर ओसरू द्यायचा आणि तारेभोवती स्नायूचे तुकडे घट्ट बसवून छिद्र बंद करायचे. त्यासाठी बुचासारखा भाग असलेल्या तारा मुद्दाम बनवल्या गेल्या आहेत. तिसरी, लस. २००२ मध्ये इम्प्लांट घेतलेल्यांत मेनिंजायटिसचे प्रमाण अपेक्षेहून जास्त असल्याचे ध्यानात आले आणि तार जागेवर दाबून धरणारा जादा तुकडा असलेले एक मॉडेल बाजारातून मागे घेतले गेले. त्यानंतरच्या अभ्यासात गळती असलेला अपुरा कान हेही जोखमीचे कारण म्हणून पुढे आले. न्यूमोकॉकसची लस शस्त्रक्रियेआधी घेणे ही तेव्हापासून औपचारिकता राहिलेली नाही.

पण टाके निघाले म्हणजे ऐकू आले, असे होत नाही. घरोघरी समज असतो की 'मशीन बसवले' की मूल हाकेला ओ देणार. स्विच ऑनच्या दिवशी मूल पुष्कळदा रडते, किंवा काहीच करत नाही. मग महिनोन्‌महिने मॅपिंग : कोणत्या बिंदूला किती वीज द्यायची याची जुळवाजुळव. अपुऱ्या कानात वीज जास्त लागते, आणि वीज वाढवली की ती शेजारच्या चेहऱ्याच्या नसेवर सांडते. डोळा फडफडतो, गाल ओढला जातो. मग तो बिंदू बंद करावा लागतो. बावीसपैकी चौदा, चौदापैकी दहा असे बिंदू गळत जातात. हे वैफल्याचे आकडे म्हणून वाचू नयेत. त्या कानात जेवढे दरवाजे उघडतात तेवढ्यांतूनच भाषा आत न्यायची असते.

आणि भाषा म्हणजे आपली भाषा. इम्प्लांटमधून आवाजाची लय, लांबी, घोष-अघोष हे भेद त्यामानाने चांगले पोहोचतात. तोंडात जीभ कुठे टेकली हा भेद स्वरपट्ट्यांच्या बारकाव्यात असतो आणि बिंदू कमी झाले की पहिल्यांदा तोच पुसट होतो. इंग्रजीत बेतलेल्या चाचण्या मराठी मुलाला लावल्या तर 'काल' आणि 'काळ', 'वात' आणि 'वाट' या जोड्या त्यात कुठून येणार? प आणि त यांतला फरक ओठांवर तरी दिसतो. ल आणि ळ यांतला तोंडाच्या आत घडतो, तो पाहूनही कळत नाही. मराठी मुलाचा ऐकण्याचा पल्ला मोजायचा तर चाचणी मराठीच्या उच्चारस्थानांवर उभी करायला हवी. भाषाशास्त्र शिकणाऱ्या वाचकाला इथे आयुष्यभर पुरेल एवढे काम आहे, आणि त्याला मी मुद्दाम या दारातून आत बोलावतो आहे.

महाराष्ट्रात या क्षेत्राची मुळे आहेत. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था वाक् आणि श्रवण या क्षेत्रात शिक्षण आणि सेवा देते आहे. अपंगांना साहाय्यक साधने देणाऱ्या केंद्राच्या 'एडिप' योजनेतील इम्प्लांटचे काम पाहणारी यंत्रणाही तीच. त्या योजनेत एका मुलामागे ६ लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद झाली. मुंबईत ही शस्त्रक्रिया रुजवणाऱ्यांत डॉ. मिलिंद कीर्तने यांचे नाव पुढे आहे. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मुलांची आरोग्य तपासणी करणारा राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला तोही पालघरमधून, आणि त्याच्या यादीत जन्मजात बहिरेपणा आहे. इतके असूनही वय हाच मोठा शत्रू राहतो. मेंदूचा ऐकण्याचा भाग पहिल्या साडेतीन वर्षांत सर्वांत लवचिक असतो. अपुऱ्या कानाच्या मुलाला त्याशिवाय जास्तीचे स्कॅन, जास्तीची मते, कधी गळतीचे उपचार लागतात. 'बापावर गेलाय' म्हणत घालवलेले वर्ष त्याला इतरांपेक्षा महाग पडते. शिवाय मदतीची रक्कम यंत्र आणते. बॅटऱ्या, केबल, दर आठवड्याला थेरपीसाठी तालुक्याहून शहरापर्यंतचा एसटीचा प्रवास आणि त्या दिवशीची बुडालेली मजुरी, ही गणिते घराला सोडवावी लागतात. कोणत्या मुलाला किती फायदा झाला हे तपासताना स्कॅनसोबत हेही मोजायला हवे.

ज्यांच्या कानात तार ठेवायला जागाच नाही, त्यांच्यासाठी रस्ता पुढे सरकतो, मेंदूच्या देठापर्यंत. १९७९ मध्ये लॉस एंजेलिसला विल्यम हाऊस आणि विल्यम हित्सेलबर्गर यांनी ऐकण्याच्या नसेवर गाठी असलेल्या रुग्णात पहिले ब्रेनस्टेम इम्प्लांट बसवले. या शतकाच्या सुरुवातीला इटलीत व्हेरोनाच्या व्हित्तोरिओ कोलेत्ती यांनी नस नसलेल्या लहान मुलांत ते वापरायला सुरुवात केली. मोठी शस्त्रक्रिया, आणि फळ मुलागणिक वेगळे : कोणाला दारावरची थाप कळते, कोणी शब्दांपर्यंत पोहोचते. नस अंधुक दिसत असेल तर आधी कॉक्लिअर इम्प्लांट करून वाट पाहावी की थेट मेंदूच्या देठाकडे जावे, यावर आजही जाणत्यांत मतभेद आहेत. त्या वादाच्या दोन्ही बाजू वाचकाने ऐकाव्यात. आणि या सगळ्यांत हातांची भाषा हा शेवटचा, हरल्यावरचा पर्याय समजू नये. ज्या मुलाला वीज किती साथ देईल हे दोन वर्षांनी कळणार आहे, त्याने ती दोन वर्षे भाषेविना का काढावीत? खुणांनी भाषा रुजलेली असली की यंत्रातून येणारा आवाजही ओळखीच्या अर्थाला जाऊन चिकटतो.

पुस्तक कसे वाचावे, याबद्दल एवढेच. पालकांनी वर्गवारीचे प्रकरण पहिल्या वाचनात सोडले तरी चालेल. आपल्या मुलाच्या अहवालातले नाव शोधून तेवढा भाग वाचावा आणि प्रश्न लिहून डॉक्टरांकडे न्यावेत. विद्यार्थ्यांनी उलट करावे : वर्गवारी पाठ करण्याआधी प्रत्येक स्कॅनचे चित्र हाताने काढावे आणि त्यावर नस कुठे असेल ते पेन्सिलने दाखवावे. चुकेल. पुढच्या पानावर कळेल.

राहता राहिला बोलोन्याचा मुलगा. आपल्याला त्याचा कान माहीत आहे. त्याच्या नावाने, खरे तर त्याच्या डॉक्टरच्या नावाने, अपुऱ्या कानांचा सगळा वंश दीर्घकाळ ओळखला गेला. 'मोंडिनी' म्हणजे बिघडलेला कान, एवढाच अर्थ उरला होता. आज त्या वंशाची फोड झाली आहे, आणि त्यात ज्या मुलांचे निकाल सर्वांत चांगले लागतात, पुष्कळदा पुऱ्या घडलेल्या कानांच्या बरोबरीने, ती नेमकी याच कानाची मुले आहेत. कारण साधे आहे. तार प्रथम जिथे शिरते तो तळाचा वेढा त्यांच्याकडे असतो आणि त्याच्या मधोमध नस असते. तो दीड वेढा १७९१ मध्ये उणीव म्हणून नोंदवला गेला. तीच नोंद आज शस्त्रक्रियेआधी वाचली जाते, तेव्हा ती तार कुठे ठेवायची ते सांगते.